मुखरू कोतवाल आणि नदीचा सुखद वास

बेहडाटोल्याच्या मुखरू कोतवालाला सरकारी कागद पाठ करायचा नाद होता. तसं ते त्याचं कामच. पण बाकीच्या गावांचे कोतवाल कागदातलं मतलबाचं तेवढं सांगून मोकळे व्हायचे. "उद्या ढोरायले लस टोचायची हाये, ढोरं घेऊन या," की झाली दवंडी. मुखरूचं तसं नव्हतं. तलाठी बापूराव त्याला कागद दोनदा वाचून दाखवत आणि मुखरू तो जसाच्या तसा गळ्यात भरून निघे. चौकात आला की डफड्यावर तीन टोले, एक लांब श्वास, आणि मग तालुक्याच्या ऑफिसातला बाबूच जणू चौकात येऊन उभा राही: "जावक क्रमांक एकशे सत्तावीस. विषय, जनावरांना लस टोचणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की." शेवटी "सही अस्पष्ट" हेही तो तितक्याच जोरात सांगे, आणि प्रत माहितीस्तव कोणाकोणाला गेली तेही. लस कोणत्या दिवशी ते कोणाला कळत नसे, पण ऐकायला सगळा गाव येई.

कागद मुखरूच्या गळ्यातून जायचा, डोक्यातून जायचा नाही. इथेच पुढचं सगळं रामायण झालं.

त्याचा दुसरा नाद पाण्याचा. गावात कोणीही येवो, साहेब असो की बांगड्या विकणारी बाई, मुखरू आधी पाय धुवायला तांब्या आणि मग प्यायला पेला घेऊन हजर. ह्याला कारण होतं. त्याच्या बापाच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नसे. छप्पन साली बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा मुखरू आठ वर्षांचा होता. आल्या आल्या बापानं अंगणात नवं मडकं मांडलं आणि सांगितलं, "आतापासून येणाऱ्याले आधी पाणी. पेला त पेला. नाई पेला त त्याचा घसा कोरडा." पहिली काही वर्षं पुष्कळांनी आपले घसे कोरडे ठेवले. मग उन्हाळे कडक निघाले, एकेक घसा नरम आला, आणि मुखरू कोतवाल झाला तोवर तालुक्याहून येणारा प्रत्येक साहेब त्याच्या अंगणात पाणी पिऊनच पुढं जायला लागला. मुखरू त्या पाण्याला लेकरासारखं जपे. गाळलेलं असे, थंड असे, मडक्यात वाळ्याची जुडी सोडलेली असे. साहेब पेला रिकामा करून "वा" म्हणाला की मुखरूचा दिवस सोन्याचा.

बेहडाटोला कोसंबी नदीच्या काठी. नदीच्या ह्या काठाला गडचिरोली जिल्हा, त्या काठाला चंद्रपूर. आधी दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. जिल्हा फोडला तेव्हा नदी मधे सापडली. त्या काठाला, वरच्या अंगाला दोन कोसांवर, बांबू आणि धानाच्या तणसापासून, म्हणजे पेंढ्यापासून, पुठ्ठे बनवायचा कारखाना निघाला होता. पहिल्या वर्षी नदीचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं. दुसऱ्या वर्षी त्यावर साय आली. मासोळ्या पोट वर करून गावावरून जाऊ लागल्या. आंघोळ करणारा दिवसभर खाजवत बसे. सरपंच खुशालभाऊ ग्रामपंचायतीच्या सभेत एका हातात ठराव धरत आणि दुसऱ्या हातानं पाठ. गावातल्या एकुलत्या एका विहिरीला नदीचाच झिरपा, तेव्हा तीही तांबडी झाली. प्यायचं पाणी उरलं ते जंगलातल्या बोडीत. बोडी म्हणजे पावसाचं पाणी साठवलेलं लहानसं तळं, गावापासून कोसभर. मुखरूची बायको रंभा तिथून रोज चार खेपा करी. डोक्यावर पाण्याच्या दोन गुंड्या, कमरेवर तिसरी.

"तुझे साहेब पाणी पेऊन वा म्हणते," ती म्हणे. "अना मी आणून आणून हाय म्हणतो."

अर्ज झाले नाहीत असं नाही. ह्या जिल्ह्यात दिला की उत्तर येई, कारखाना त्या जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात दिला की उत्तर येई, तक्रारदार त्या काठाचे आहेत. नदी मात्र दोन्हीकडे विनापरवाना वाहत होती. पण चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात भोपाळचं झालं, आणि ज्याला ज्याला वास येतो त्या त्या वस्तूची चौकशी करायला सगळी ऑफिसं एकाच वेळी निघाली. फेब्रुवारीत बेहडाटोल्याला कागद आला. नागपूरहून साहेब येतील, नदीच्या पाण्याचा नमुना घेतील, आणि पाणी खराब निघालं तर कारखान्याला नोटीस आणि गावाला सरकारी बोरिंग.

बोरिंगचं नाव ऐकताच रंभानं गुंडी खाली ठेवली आणि विचारलं, "हातपंप? घरापासून किती लंब?"

"चौकात," मुखरू म्हणाला.

 त्या दिवशी भाजीत तिनं तेल जास्त टाकलं.

साहेबांचं नाव खांबेटे. पुण्याकडचे, नोकरीत नवे, आणि जिभेनं फार सभ्य. तालुक्याला येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे त्यांच्या पाहुणचाराला तर्रीचं मटण झालं आणि दुसऱ्या दिवशी साहेब रेस्ट हाऊसच्या संडासातून बाहेर यायला तयार होईनात. मग त्यांनी एक उपाय काढला. काचेची बाटली तणसात गुंडाळून, नमुन्याच्या फॉर्मसकट, वडश्याच्या एसटीनं कंडक्टरजवळ दिली. फॉर्मवर खाली एक ओळ छापलेली होती: नमुना माझ्या समक्ष घेतला. तिच्याखाली साहेबांनी पोट धरून आधीच सही करून टाकली होती. सोबत तलाठ्याला चिठ्ठी: "बाटली नदीच्या पाण्याने भरून, लाखेने सीलबंद करून उद्या सकाळच्या बसने परत पाठवावी. कृपया गैरसमज नसावा."

बापूराव तलाठी माणूस कामाचा, पण हिवाळा आला की तो अर्धा तलाठी उरे. झाडीपट्टीच्या नाटकांचा तो मोसम, आणि बापूराव वडश्याच्या एका मंडळात खलनायक करत. बाटली आली तेव्हा ते चावडीत भिंतीसमोर उभे राहून भिंतीला धमकावत होते.

"मुखरू," ते त्याच आवाजात म्हणाले, "ही बाटली. नदीचं पाणी भरायचं. उद्या हे पाणी मोठ्या साहेबांच्या हाती जाणार. ते तपासणार, अन् मग फैसला होणार." आणि खलनायकाचं हसू हसून पुन्हा भिंतीकडे वळले.

मुखरू बाटली घेऊन नदीवर गेला. भरली. उजेडात धरून पाहिली. आत चहा, वर फेस, मधे तणसाचे तंतू पोहताहेत. वास असा की त्यानं बाटली अंगापासून हातभर लांब धरली, आणि तशीच लांब धरून घरी आणली.

"हे मोठ्या साहेबाले जाणार हाये," तो रंभाला म्हणाला.

"कायले?"

"तपासाले."

"पाणी कसं तपासतेत?"

मुखरूनं विचार केला. पाणी तपासायची एकच रीत त्याला ठाऊक होती. "पेऊनच पाहतीन ना बावा."

दोघं बाटलीकडे पाहत राहिले.

"असं पाणी देशील साहेबाले? बेहडाटोल्याहून?" रंभा म्हणाली. "बाटलीवर गावाचं नाव हाये."

"नावच त अडचण हाये."

मग जे झालं ते दोघांनीही मन लावून केलं. बाटली मडक्यात रिकामी केली. त्यात निवळीचं बी उगाळून टाकलं. ते टाकलं की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, हे झाडीतल्या लेकराला ठाऊक असतं. वरचं पाणी लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळलं. घडीला तपकिरी गोल पडला, तो पुढं कधी गेला नाही. मग एकावर एक तीन मडकी मांडली, वरच्यात चुलीतला कोळसा, मधल्यात धुतलेली वाळू, आणि पाणी थेंबथेंब खाली येऊ दिलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तेच पाणी पुन्हा वरून ओतलं, आणि पुन्हा. दुसऱ्या सकाळी पाणी काचेसारखं. मुखरूनं नाक लावलं, अजून किंचित कुबट. त्यानं वाळ्याची जुडी दोन तास त्यात सोडून ठेवली.

"आता झालं," रंभा म्हणाली. "आता कलेक्टर पेल तरी चालते."

बाटली चावडीत आली तेव्हा बापूरावांची वडश्याची बस अर्ध्या तासावर होती आणि मिशी चिकटवायचा डिंक सापडत नव्हता. त्यांनी झाकणावर लाख ओतली, शिक्का दाबला, दोन पंचांचे अंगठे घेतले. पाण्याकडे पाहिलं असतं तर त्यांना कळलं असतं. पण त्यांनी शिक्क्याकडे पाहिलं. शिक्का उत्तम उमटला होता.

पंधरा दिवसांनी निकालाचा कागद आला. बापूराव तालुक्याला मीटिंगला निघाले होते; त्यांनी तो घाईघाईनं मुखरूला दोनदा वाचून दाखवला आणि सायकल काढली. मुखरूनं गळ्यात भरला. खाकी कोट चढवला, चौकात आला, तीन टोले दिले. सरपंच खुशालभाऊ होते. गावातली सर्वांत म्हातारी सोनीबाई ओट्यावर होती. रंभा बोडीची तिसरी खेप घेऊन येत होती, ती डोक्यावरच्या गुंड्यांसकट थांबली.

"जावक क्रमांक तीनशे नऊ," मुखरू गरजला. "विषय, कोसंबी नदीच्या पाण्याच्या नमुन्याचा तपासणी अहवाल. रंग, नाही. गढूळपणा, नाही. वास, सुखद."

"काय खद?" सोनीबाईनं विचारलं.

"सुखद. कंसात, वाळ्यासारखा."

इथे मुखरूचा आवाज थोडा हलला. कागद पहिल्यांदाच गळ्यातून वर डोक्याकडे निघाला होता. पण पाठ केलेलं थांबत नाही, तोंड पुढंच चाललं: "अभिप्राय, सदर पाणी पिण्यास योग्य असून उत्तम प्रतीचे आहे. सबब मौजा बेहडाटोला येथील बोअरवेलची मागणी निकाली काढण्यात येत आहे. तसेच ग्रामस्थांनी नदीचे पाणी निःशंकपणे वापरावे अशी दवंडी देण्यात यावी." आणि अगदी बारीक आवाजात, "सही अस्पष्ट."



"मुखरू," सोनीबाई म्हणाली, "अस्पष्ट साहेबाले सांग, इथी ये अन् नि:शंक हो."

खुशालभाऊंनी पाठ खाजवणं थांबवलं. "कोणतं पाणी पाठवलं बे तुमी? हे नदीचं हाये का बोडीचं?"

"नदीचंच हाये, भाऊ," मुखरू म्हणाला.

"मंग वाळा कुठून आला?"

मुखरूनं रंभाकडे पाहिलं. रंभानं गुंड्या सावरल्या आणि वाट धरली. त्याच्या लक्षात आलं की ती घराकडे न जाता पुन्हा बोडीच्या वाटेनं चालली आहे, भरल्या गुंड्यांसकट. इतकं तिचं भान सुटलं होतं.

त्यानं चौकातच सगळं सांगून टाकलं, निवळीपासून जुडीपर्यंत. लोक आधी चिडले आणि मग हसू लागले, आणि हसण्यात मुखरूला जास्त लागलं. "मुखरू, माह्या बैलालेही गाळून दे," कोणी म्हणे. "मुखरू, पूर्ण नदीच टाक ना मडक्यात."

खुशालभाऊ हसले नाहीत. त्यांना तारखा ठाऊक होत्या. बोरिंगची गाडी शेजारच्या गावात येऊन लागली होती. आठ दिवस ती ह्या भागात, मग थेट सिरोंच्याकडे, आणि परत कधी ते देवाला आणि ड्रायव्हरलाच ठाऊक. आठ दिवसांत फाईल उघडली तर बोरिंग, नाहीतर रंभाच्या आणि गावातल्या सगळ्या बायांच्या चार चार खेपा पुढल्या वर्षापर्यंत.

खुशालभाऊ तालुक्याला जाऊन आले. "दुसरा नमुना घेत नाई म्हणते," त्यांनी सांगितलं. "एक रिपोर्ट आला ना, आता कायका झगडा, म्हणते. पण तो खांबेटे साहेब शुक्करवारी येऊन राह्यला. स्थळपाहणी म्हणून. पाहणार, सही करणार, अन् फाईल बंद."

शुक्रवार हा आठातला सहावा दिवस.

"एकच इलाज हाये," खुशालभाऊ म्हणाले. "तो आला की तुझ्या अंगणात थांबंल. सगळेच थांबते. त्याले नदीचं पाणी दे. जसं हाये तसं."

मुखरू खाटेवरून उठलाच. "माह्या हातानं? माह्या अंगणात? खुशालभाऊ, दुसरं काई सांगा. त्याले नदीत ढकलून देतो, हाव म्हणा."

"ढकलला त केस होते. पाणी पाजलं त पाहुणचार होते."

"माह्या बापानं मडकं मांडलं ते यासाठी नाई."

खुशालभाऊ गेले. रंभा चुलीपाशी बसली होती. तिनं मान एका बाजूला वळवून दाखवली. गुंड्या वाहून वाहून दुसऱ्या बाजूला ती आता वळत नव्हती. "तुले लाज पाण्याची वाटते," ती म्हणाली. "घाण ज्यानं केली त्याले वाटू दे ना. तू काऊन घेऊन बसला?"

 शुक्रवारी पहाटे मुखरू पेला घासून घासून इतका चमकवत होता की रंभाला कळलं, हा तयार झाला.

खांबेटे साहेब दुपारच्या बसनं आले. पांढरा स्वच्छ अर्ध्या बाह्यांचा सदरा, काखेत फाईल. बापूराव आणि खुशालभाऊ त्यांना आधी नदीवर घेऊन गेले. साहेब काठावर उभे राहिले. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि रुमालातून बोलू लागले.

"तसं पाहिलं तर, अहो, रंग हा नैसर्गिकच असतो, नाही का. पानगळ होते. पानं कुजतात."

"बारा महिने पानगळ हाये आमच्या इथी," खुशालभाऊ म्हणाले.

"आणि फेस हा प्रवाहामुळे. पाणी खळाळलं की फेस येणारच. मी काय म्हणतो, अहवालात वास सुखद आला आहे."

"मंग रुमाल काऊन लावला, साहेब?"

"सर्दी आहे हो मला," साहेब म्हणाले, आणि पुरावा म्हणून शिंकायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

खरी गोष्ट अशी की साहेबांनी नदी पाहताक्षणी ओळखलं होतं, त्या बाटलीत ही नदी नव्हती. पण फॉर्मवर त्यांची सही होती, 'माझ्या समक्ष'. पाणी खोटं म्हटलं तर सहीही खोटी, आणि सही खोटी तर सहा महिन्यांची नोकरी गेली. माणूस घाबरला होता, आणि घाबरला की तो जास्तच सभ्य होई.

मुखरूच्या अंगणात खाट टाकलेली होती. साहेब बसले. पाय धुवायला तांब्या आला नाही, हे बापूरावांच्या लक्षात आलं. मग मुखरू बाहेर आला. ताटलीत पेला, पेल्यात कोसंबी. चहाचा रंग, वर दोन बोटं फेस, एक तंतू आत हळूहळू फिरतोय. 

"घ्या, साहेब," मुखरू म्हणाला. "नदीचं हाये. रिपोर्टातलं."

अंगणात आणि कुंपणाबाहेर गाव जमला होता. सोनीबाईला पुढं जागा दिली होती. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. मग गावाकडे. मग फाईलीकडे. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस पेला खाली ठेवील, फाईल उघडील, आणि गोष्ट संपेल.

साहेबांनी पेला उचलला.

"धन्यवाद," ते म्हणाले. आवाज चिरकला होता. "पिण्यास योग्यच आहे. का नाही पिणार." आणि डोळे मिटून पेला ओठांशी नेला.

आता ह्या क्षणी गप्प उभं राहायचं, एवढंच मुखरूला करायचं होतं. एक घोट साहेबांच्या पोटात गेला असता तर पुढचं पोटानंच केलं असतं. त्या पोटाची तालुकाभर कीर्ती होती. पण मुखरूच्या अंगणात येऊन आजवर कोणी आजारी पडला नव्हता. फेस साहेबांच्या मिशीला लागला, आणि मुखरूचा हात त्याला न विचारता पुढं झाला. त्यानं पेला पकडला. साहेब सोडीनात, तेही आता हट्टाला पेटले होते.

"सोडा, साहेब."

"अहो, पिऊ द्या."

"पेऊ नका म्हणतो ना मी."

"माझ्या अहवालाचा प्रश्न आहे हो."

"अना माह्या अंगणाचा हाये."

पेला दोघांच्या हातून सुटला आणि सगळी कोसंबी साहेबांच्या छातीवर सांडली. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी गोल उमटला आणि त्याच्या कडेला फेस बुडबुडत बसला. साहेब उठले. "पाणी लावलं की जाईल," असं काहीतरी पुटपुटत ते सदरा काढत काढत धावत सुटले, थेट नदीकडे.

"साहेब, तिथी नका धुवू," मुखरू मागं धावत ओरडला. "बाकी कुठीबी धुवा, तिथी नका."

पण शिकलेल्या माणसाला नदी दिसली की ती पाण्याचीच वाटते. साहेबांनी सदरा बुचकळला, चोळला, पुन्हा बुचकळला. वर काढला तेव्हा आधीचा डाग दिसेनासा झाला होता, कारण आता सगळा सदराच त्या रंगाचा होता. कॉलरीपासून शेवटच्या बटणापर्यंत एकसारखा. साहेबांच्या हातांना खाज सुटली. ते बनियनवर दगडावर बसले, सदरा मांडीवर घेऊन, आणि बराच वेळ दोन्ही हात खाजवत राहिले.

मुखरू त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. "साहेब, चूक माही हाये. ते बाटलीतलं पाणी मी गाळलं होतं. मले वाटलं, मोठा साहेब पेईल."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "अहो, आणि मी इथे नव्हतोच. रेस्ट हाऊसवर होतो. तुम्हाला ठाऊक आहे मी कुठे होतो."

"ठाऊक हाये. पूर्ण तालुक्याले ठाऊक हाये."

"म्हणजे त्या दिवशी नदीवर आपण दोघंही जसे असायला हवे तसे नव्हतो." साहेबांनी उसासा टाकला. मग वर पाहून तलाठ्याला हाक मारली. "बापूराव, लिहून घ्या. नवीन नमुना. बाटली मी आणलेली नाही, तेव्हा सदराच लिहा. आणि 'माझ्या समक्ष' असं नक्की लिहा. या खेपेला ते खरं आहे."

बापूरावांच्या आयुष्यात असा पंचनामा आला नव्हता. ते दगडावर चढले, कागद मांडीऐवजी खुशालभाऊंच्या पाठीवर ठेवला आणि प्रत्येक ओळ लिहिण्याआधी खलनायकाच्या आवाजात मोठ्यानं म्हणू लागले:

"आम्ही खाली सह्या-अंगठे करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी दिवसाढवळ्या, कोणाच्याही दबावाखाली नसताना, आमचे डोळ्यांदेखत एक सदरा, मूळ रंग पांढरा—"

"पाठ हलवू नका, भाऊ," मुखरू म्हणाला.

"खाजवून राह्यली ना बे."

"—अर्ध्या बाह्यांचा, पाच बटणांचा, कोसंबी नदीत दोन वेळा बुचकळला असता तपकिरी झाला. वास, सुखद नाही. फेस, अद्याप जिवंत. सदरहू सदरा पिळण्यात आलेला नाही."

सोनीबाईनं पंच म्हणून अंगठा दिला. अंगठा द्यायच्या आधी तिनं सदरा हुंगला आणि नाक मुरडून म्हणाली, "हाव, हेच ते नि:शंक."

सदरा रंभाच्या एका रिकाम्या गुंडीत कोंबला, तोंडाला फडकं बांधलं आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. आता साहेब बनियनवर. खुशालभाऊंचा सदरा त्यांना लहान, बापूरावांचा नाटकातल्या राजाचा निघाला, जरीचा. शेवटी मुखरूनं आपला खाकी कोट काढून दिला. साहेब तो घालून, काखेत लाख मारलेली गुंडी घेऊन संध्याकाळच्या एसटीत चढले. कंडक्टरनं कोट पाहिला आणि म्हणाला, "कोतवाल, मागं बसा, अन् गुंडी सांभाळजा. सांडली त पुसा लागंन." वडश्यापर्यंत तीन माणसांनी त्यांना विचारलं, गावात साहेब कधी येणार. साहेबांनी प्रत्येकाला सभ्यपणे सांगितलं की तो येऊन गेला.

ह्या खेपेला निकाल पोस्टानं न येता साहेबांच्या फोनवरून तालुक्याला आला, सोमवारी दुपारी. तालुक्यातून शिपाई सायकलवर शेजारच्या गावात गेला, तेव्हा बोरिंगची गाडी सामान बांधून चालू झालेली होती. तिनं तोंड फिरवलं. बेहडाटोल्याच्या चौकात दीड दिवस धडधड झाली, गावभर पांढरी धूळ बसली, कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायला विसरल्या, आणि एकशे साठ फुटांवर पाणी लागलं. रंग, नाही. वास, लोखंडाचा, पण चार दिवसांनी तोही गेला.

कारखान्याला नोटीस गेली. कारखान्यानं खुलासा दिला. खुलाशावर पुन्हा खुलासा मागवला. मग दोन पावसाळ्यांनी कारखान्यानं घाण पाणी साचवायच्या टाक्या बांधल्या, आणि कोसंबी पुन्हा बिनदुधाच्या चहावर आली. त्याच्या पलीकडे ती काही वर्षं गेली नाही. पण त्या दिवसापासून दर महिन्याला मुखरू दवंडी देई, "नदीचे पाणी पिऊ नये, जनावरांस पाजू नये," आणि ह्या एका कागदाला तो जावक क्रमांक लावत नसे. सरळ सांगे. लोकांना पहिल्या झटक्यात कळे, आणि सोनीबाई तक्रार करी की दवंडीत आता पहिल्यासारखी मजा नाही.

हातपंप सुरू झाला त्या सकाळी मुखरू दवंडी देऊन घरी आला तर रंभा दारात बसलेली. तिन्ही गुंड्या भरून ठेवलेल्या. चूल पेटून विझलेली. ऊन अजून कुंपणावर चढलं नव्हतं.

"काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं.

"काई नाई. पाणी झालं."

"मंग?"

"मंग काय. एवढ्या सकाळी मोकळी कधी बसलीच नाई मी. आता काय करतेत, ठाऊक नाई."

मुखरू तिच्या शेजारी बसला. त्यालाही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं रंभानं मान हळूच डावीकडे वळवून पाहिली, मग उजवीकडे. उजवीकडे अजून कडक होती. ती तशीच वळवत राहिली, आणि मुखरू कुंपणावर चढत येणारं ऊन पाहत राहिला.